मृगाला नको, परसबाग दसऱ्याला सुरू करा

परसबाग करावी असं माणसाला वर्षातून दोनदा वाटतं. एकदा वळवाच्या पावसात मातीचा वास सुटला की, आणि एकदा भर श्रावणात कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ऐकला की. दोन्ही मुहूर्त वाईट.

मीही मृगालाच सुरुवात केली होती. कुदळ नवी, हौस नवी, आणि शेजारी सगळे शेतकरी. ते पेरतायत तर आपणही पेरावं, इतकाच विचार. आमचं घर सातारा जिल्ह्यात, नदीकाठच्या काळ्या मातीतलं. जूनअखेरीस वाफ्याचा चिखल झाला, पेरलेली मेथी कुजली, कशीबशी उगवलेली कोथिंबीर गोगलगायींनी एका रात्रीत संपवली, आणि पुढे गवत एवढं माजलं की हरवलेलं खुरपं दिवाळीला सापडलं.

पावसाळ्यात भाज्या येत नाहीत असं नाही. वेलांचा तोच खरा हंगाम. पण तो मुरलेल्या हाताचा हंगाम आहे. नवख्यानं दसऱ्याला हात घालावा. पाऊस सरत आलेला असतो, जमिनीत ओल असते, रात्री गार व्हायला लागतात, गवताचा आणि किडींचा जोर ओसरतो. पालेभाज्या या दिवसांत जवळजवळ आपल्या आपण येतात.

शिवाय पेरणीचा सराव घरात झालेलाच असतो. घटस्थापनेला परडीत काळी माती घालून धान्य पेरलंत, रोज पाणी शिंपडलंत, आणि नवव्या माळेपर्यंत वीतभर कोंब आले. ही उगवण चाचणीच की! ते कोंब पिवळट आणि लेचेपेचे का, तर देवघरात ऊन नाही. पहिला धडा तिथेच मिळाला.

आता कुठवर पोचायचं तेही ठरवून टाकू. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी. त्यातलं वांगं, गाजर, पावटा आणि ओला हरभरा हे चार जिन्नस तरी घरच्या परसातले हवेत. दसरा ते भोगी साधारण तीन महिने. पेरणीचा सगळा हिशेब भोगीपासून मागे मोजत करायचा.

आधी ऊन बघा

पहिले काही दिवस कुदळ हातात घेऊ नका, रांगोळी घ्या. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ८, ११, दुपारी २ आणि ४ वाजता परसात जा आणि सावलीची कड रांगोळीनं आखा. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी यांना थेट ऊन सहा तास तरी लागतं. पालेभाज्या, पुदिना, अळू तीन-चार तासांवर भागवतात. ज्या तुकड्यावर दिवसभर सावलीच आहे तिथे कितीही खत ओता, झाड उंच होईल, फळ धरणार नाही.

यात एक फसगत आहे. परस घराच्या उत्तरेला असेल तर मे महिन्यात तिथे लख्ख ऊन दिसतं, कारण आपल्याकडे तेव्हा सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. तोच सूर्य डिसेंबरात दक्षिणेकडे कललेला असतो, आणि बारा फूट उंचीच्या भिंतीची सावली ऐन दुपारीसुद्धा दहा-अकरा फूट उत्तरेकडे पडते. म्हणजे उन्हाळ्यात निवडलेली जागा हिवाळ्यात काळोखी निघते. उत्तरेला परस असलेल्यांनी वाफे भिंतीपासून तेवढे लांब घ्यावेत. आणि परस कुठेही असो, शेवगा, केळ, वेलांचा मांडव अशी उंच मंडळी वाफ्यांच्या उत्तर कडेला बसवावीत, म्हणजे त्यांची सावली भाजीवर येत नाही.

जागा किती? तीन वाफे पुरे. प्रत्येक दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद, मध्ये दीड फुटाच्या वाटा. रुंदी याहून जास्त नको, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. एकदा वाफा केला की त्यात पाय ठेवायचा नाही. तुडवलेली माती पुन्हा दगड होते. वाट दीड फूट का, तर त्यात उकिडवं बसून खुरपता आलं पाहिजे. सगळं मिळून चौदा फूट बाय दहा फूट. एवढंच. पहिल्या वर्षी अख्खं परस खणणाऱ्यांची बाग मी दुसऱ्या वर्षी पाहिलेली नाही.

वाफसा म्हणजे काय

शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द सारखा असतो आणि शहरातून आलेल्याला तो कुणी समजावून सांगत नाही. माती फार ओली नाही, फार कोरडी नाही, हात लावण्याजोगी झाली की वाफसा आला म्हणायचं. परीक्षा सोपी. मूठभर माती दाबून लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. लाडू फुटून विखुरला तर वाफसा आहे, खणा. चपटा होऊन तसाच बसला तर दोन-तीन दिवस थांबा. लाडू वळतच नसेल तर पाणी भरा आणि मग थांबा. काळी माती ओली असताना खणली की जी ढेकळं होतात ती वाळल्यावर विटांसारखी होतात. माझी पहिली ढेकळं फुटायला पुढचा पावसाळा यावा लागला.

खणायचं एक फूटभर. खणताना हरळीची मुळं आणि लव्हाळ्याच्या गाठी हातानं वेचून बाहेर काढा. लव्हाळा वरून खुरपून जात नाही. खाली काळी गाठ राहिली की आठवड्यात पुन्हा वर येतो. घराच्या मागची जमीन असेल तर विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, टाईलचे काप हमखास निघणार. तेही वेचा, विशेषतः गाजराच्या वाफ्यातले. अगदी मुरूमच असेल तर वर पोयट्याची माती आणून टाकावी लागेल, त्याला इलाज नाही. कोकणातल्या जांभ्या मातीत उलट अडचण, पाणी ठरतच नाही. तिथे खत दीडपट घ्यावं.

खत म्हणजे कुजलेलं शेणखत, एका वाफ्याला तीन घमेली. कुजलेलं कसं ओळखायचं? काळपट, भुसभुशीत, हाताला गार, आणि वास मातीचा. शेणाचा वास येत असेल, मध्ये हात घातल्यावर ऊब लागत असेल, तर ते कच्चं आहे. कच्च्या खताबरोबर मुळं कुरतडणारी हुमणी आणि वाळवी घरी येते. शेणखत मिळत नसेल तर गांडूळ खताची दहा किलोची पिशवी एका वाफ्याला चालेल. बरोबर अर्धा किलो निंबोळी पेंड. हे सगळं वरच्या वीतभर मातीत मिसळून वाफा सपाट करा आणि कडेनं चार बोटं उंच बांध घाला, म्हणजे पाणी आत राहतं. हिवाळ्यात सपाट वाफाच बरा. पावसाळ्यात मात्र याच्या उलट, वीतभर उंच गादी वाफा करायचा, नाहीतर मुळं बुडतात.

त्याच दिवशी परसाच्या कोपऱ्यात तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डाही घ्या. भाजीची देठं, सालं, पालापाचोळा, वर मूठ-दोन मूठ माती. ओल चिंध्या पिळल्यावर राहते तेवढी. तेलातुपाचं उष्टं टाकू नका, उंदीर येतात. तीन-चार महिन्यांत पुढच्या हंगामाचं खत तयार.

पहिला वाफा स्वयंपाकघरातल्या डब्यातून

बियाण्याच्या दुकानात जायच्या आधी फडताळ उघडा. मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवतात. खुरप्याच्या टोकानं बोटाच्या पेराएवढ्या खोल रेघा ओढा, दोन रेघांत चार बोटं अंतर, दाणे सोडा, माती सारखी करा. धने मात्र अख्खे पेरू नका. एका धन्यात दोन बिया असतात. कागदावर पसरून चपलेनं हलके रगडा, दोन फाकी झाल्या पाहिजेत, चुरा नको. मग बारा तास भिजवून पेरा. कोथिंबीर उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, आणि हेच ते दिवस ज्यांत नवखा माणूस सहाव्या दिवशी माती उकरून बघतो. उकरू नका. पालक आणि मुळ्याचं बी विकत घ्यावं लागेल; पालकाचा ‘ऑल ग्रीन’ आणि मुळ्याचा ‘पुसा चेतकी’ हे जुने, भरवशाचे वाण. चेतकी उकाड्यातही येतो, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हाला भीत नाही.

पेरल्यावर त्यावर बोरीच्या काटेरी फांद्या पसरून ठेवा. शेजारच्या कोंबड्या तुमच्यापेक्षा लवकर उठतात.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती मी मेथीकडून शिकलो. दुसऱ्या वर्षी, दसऱ्यानंतर, मी अख्खा दहा फुटी वाफा एकाच सकाळी मेथीनं भरला. पंचविसाव्या दिवशी अख्खा वाफा एकदम काढणीला आला. मेथीची पातळ भाजी, मेथीचं पिठलं, मेथी घातलेली भाकरी, डाळ-मेथी. आळीत जुड्या वाटल्या. पहिल्या दिवशी लोक हसून घेत होते, चौथ्या दिवशी मला बघून दार लोटायला लागले. आठवड्याभरात उरलेली मेथी फुलावर आली आणि बायकोनं सांगितलं, ‘पुन्हा असली मेथी पेरलीत, तर निवडायला तुम्ही बसायचं.’

शेतात सगळं एकदम पेरतात, कारण एकदम काढून बाजारात न्यायचं असतं. परसात रोजच्या कढईच्या मापानं पेरायचं असतं. म्हणून त्या दहा फुटी वाफ्याचे दोन-दोन फुटांचे पाच तुकडे करा. दर रविवारी एकच तुकडा पेरा: या रविवारी मेथी, पुढच्या रविवारी पालक आणि मुळा, मग कोथिंबीर, मग पुन्हा मेथी. पाचवा तुकडा पेरून होईपर्यंत पहिल्याची मेथी तव्यावर गेलेली असते. मग रिकाम्या जागेत ओंजळभर खत घालून तिथे वेगळी भाजी. असं चक्र लावलं की ऑक्टोबर ते फेब्रुवारी आठवड्यातून दोन-तीनदा घरची पालेभाजी होते आणि कुणाच्या दाराशी जुडी घेऊन उभं राहावं लागत नाही. पालक उपटायचा नाही, दोन बोटं ठेवून कापायचा. तीन-चार वेळा फुटतो. मुळ्याचा पाला टाकायचा नाही हे सांगायला नकोच.

दाट उगवलं तर विरळणी करावी लागते. जिवंत रोप उपटायला नवख्याचा हात धजत नाही. उपटा, आणि उपटलेली कोवळी रोपं डाळीत टाका.

भोगीपासून मागे मोजत

दुसरा वाफा भोगीचा. गाजराला ८० ते ९० दिवस लागतात, म्हणून ते दसऱ्याच्या आठवड्यातच पेरलं पाहिजे, एक दिवस उशीर नको. बी अगदी बारीक असतं, मूठभर कोरड्या वाळूत मिसळून पेरलं की सारखं पडतं. उगवायला आठ-दहा दिवस, आणि तेवढे दिवस वरची माती सुकू द्यायची नाही. मी ओलं गोणपाट टाकतो आणि पहिला कोंब दिसला की काढतो. मग दोन रोपांत तीन बोटं अंतर राहील असं विरळ करा. गाजराचं रोप उचलून दुसरीकडे लावता येत नाही. खाली खडा लागला तर गाजराला दोन पाय फुटतात. चवीत फरक नाही, लहान मुलांना आवडतात.

हरभरा डब्यातलाच, देशी. फूटभर अंतराच्या ओळींत चार-चार बोटांवर एकेक दाणा. महिन्याचा झाला की शेंडे खुडा. खुडल्यानं फांद्या जास्त फुटतात, आणि खुडलेल्या पाल्याची भाजी ही आपल्या खेड्यांतली हिवाळ्याची खरी चैन आहे. हरभऱ्याला पाणी जपून. जास्त झालं तर पीक उभळतं, नुसता पाला वाढतो.

पावट्याला बी घेताना बुटकाच मागा. वेलाचा पावटा आषाढात लावलेला असतो आणि दिवस लहान झाले की फुलतो. दसऱ्याला लावलेला वेल भोगीला कुंपण चढत असतो, शेंग दिसत नाही. बुटक्याचे दोन-दोन दाणे फूटभर अंतरावर टोका.

तिसरा वाफा वांगी, टोमॅटो, मिरचीचा. यांची रोपं पहिल्या वर्षी रोपवाटिकेतून आणा. रोप करण्याची हौस पुढच्या वर्षी. नवख्याच्या हातून रोपांना पाणी जास्त होतं आणि ती जमिनीलगत कुजून कोलमडतात. रोप घेताना सगळ्यात उंच निवडू नका. वीतभर, जाड दांड्याचं, गर्द पानांचं निवडा; फूल आलेलं तर नकोच. चार माणसांच्या घराला वांग्याची पाच, टोमॅटोची तीन आणि मिरचीची चार झाडं पुष्कळ होतात. अंतर वांगं-टोमॅटोला दोन फूट, मिरचीला दीड. सुरुवातीला वाफा ओकाबोका दिसतो आणि मध्ये आणखी चार रोपं खुपसाविशी वाटतात. त्याऐवजी मध्ये मुळा पेरा, झाडं मोठी होईपर्यंत तो निघून जातो.

लावणी संध्याकाळी करायची. टोमॅटोचं रोप खालची पानं काढून खोल लावलं तरी चालतं, दांड्यालाही मुळं फुटतात. वांगं आणि मिरची मात्र पिशवीत होती तेवढ्याच खोलीवर. टोमॅटोला काठी त्याच दिवशी रोवा. झाड मोठं झाल्यावर रोवलेली काठी मुळं फाडते. वांग्याचं पहिलं फळ लावणीपासून साठ-सत्तर दिवसांनी, म्हणजे दसऱ्याला लावलं तर नाताळाच्या आसपास. वाण विचाराल तर भरल्या वांग्याला मांजरी गोटा. पुण्याजवळच्या मांजरीचं नाव मिरवणारं हे जांभळट, पांढऱ्या रेघांचं, काटेरी वांगं. काटे तोडताना बोटाला लागतात, तेवढं सोसावं.

पाणी

किती दिवसांनी, याचं एक उत्तर नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओल लागली तर आज पाणी नाही. हिवाळ्यात काळ्या मातीला चार-पाच दिवसांनी, मुरमाड जमिनीला दोन-तीन दिवसांनी पाणी लागतं असा माझा अनुभव. नुकतं पेरलेल्या तुकड्याला उगवेपर्यंत रोज, झारीनं, हलक्या हातानं. पाणी सकाळी आणि मुळाशी. झोपताना भिजलेली पानं रोगाला बोलावतात.

फळभाज्यांच्या बुंध्याशी उसाचं पाचट किंवा पालापाचोळा चार बोटं जाड पसरला तर पाण्याची पाळी दुप्पट लांबते आणि खुरपणं निम्मं होतं. बुंध्याला मात्र टेकू देऊ नका.

जुन्या घरांत मोरीचं पाणी परसात निघायचं आणि तिथे अळू, केळ, कर्दळ लावलेली असायची. ही व्यवस्था आजही करता येते. अंघोळीचं पाणी केळीला, अळवाला खुशाल द्या. कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी नको, आणि कोथिंबीर-मुळ्यासारख्या कच्च्या खायच्या भाजीला सांडपाणी कुठलंच नको. अळवाचे दोन-चार कंद कुणाकडूनही फुकट मिळतात; वडीचं आणि फदफद्याचं वेगळं असतं, तेवढं विचारून घ्या.

किडी, आणि चार पायांची मंडळी

चहाचा कप घेऊन रोज सकाळी वाफ्यांभोवती एक फेरी मारा आणि पानं उलटी करून बघा. बहुतेक सगळं पानाच्या मागेच चाललेलं असतं. अंड्यांचा पुंजका दिसला तर पान चिरडून टाका. कोवळ्या शेंड्यांवर माव्याचे बारीक किडे दिसले तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं आधी धुऊन बघा; अर्ध्या वेळा तेवढ्यानं भागतं.

भागलं नाही तर निंबोळी अर्क. एका लिटर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, साबणाचा चिमूटभर चुरा विरघळवायचा आणि उन्हं उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारायचं. केलेला अर्क त्याच दिवशी संपवावा. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात, तेव्हाच वेचून वाळवून ठेवाव्यात. पहिल्या वर्षी नसतील तर कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, साबण घालून.

वांग्याचा एखादाच शेंडा भर पाण्यात मान टाकतो, तेव्हा आत अळी असते. शेंडा दोन बोटं खालून कापा आणि जाळा. खड्ड्यात टाकू नका, अळी तिथे आरामात पतंग होते. भेंडीची पानं शिरांपासून पिवळी पडायला लागली तर तो केवडा रोग. त्याला औषध नाही. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, म्हणून झाड उपटून टाकायचं, मन घट्ट करून. म्हणूनच भेंडीचं बी घेताना केवड्याला दाद न देणारा वाण मागावा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ त्यासाठीच काढलेली.

वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली भावंडं. यंदा ज्या वाफ्यात ती आहेत तिथे पुढच्या वर्षी घेवडा, मेथी, गवार असं काही घ्या. वाफ्याच्या कडेनं झेंडू लावला तर मुळांना गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना आळा बसतो आणि लक्ष्मीपूजनाला फुलं घरची होतात. अर्थात त्यासाठी तो श्रावणात लावलेला हवा.

वानरांवर माझ्याकडे उपाय नाही. मुळा, गाजर जमिनीखाली असतात आणि मिरचीच्या वाटेला ती सहसा जात नाहीत, एवढाच दिलासा.

उन्हाळा, आणि मग मृग

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भेंडी आणि गवार टोका. भेंडी ४५ ते ५० दिवसांत सुरू होते आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते. गावाला जाऊन आलात तर झाडावर लाकडं लटकलेली दिसतील. तांदुळजा आणि माठ उन्हाला भीत नाहीत. टोमॅटो मार्चनंतर फुलं गाळतो, त्यात तुमची चूक नाही, उन्हाची आहे. एप्रिल-मे पाणी पुरत नसेल तर सरळ सुट्टी घ्या आणि वाफे पाचटानं झाकून ठेवा.

एवढं करून मृगापर्यंत पोचलात की तुम्ही नवखे राहिला नाहीत. आता वेल लावा. उत्तरेच्या कडेला चार बांबू, सहा फूट उंच, वर तारेची किंवा सुतळीची जाळी. खालून वाकून चालता आलं पाहिजे, कारण फळं खालीच लोंबतात. प्रत्येक वेलाला दोन फूट रुंद आळं आणि घमेलंभर खत. दोडका, दुधी, कारलं, काकडी प्रत्येकी दोन वेल बास. कारल्याचं बी टणक, दिवसभर भिजवूनच लावा.

पंधरा-वीस फुलं येऊन गळून जातात आणि लोक घाबरून मला विचारायला येतात. ती नराची फुलं असतात, आधी तीच येतात. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं इवलं फळ असतं. तेही पिवळं होऊन गळायला लागलं तर मधमाश्या कमी पडतायत. मग नराचं फूल तोडून, पाकळ्या मागे वळवून, मादीच्या मध्यभागी हलकं टेकवा. काकडी, कारलं, भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात. दोडका आणि दुधीची संध्याकाळी. दोडक्याच्या मांडवाखाली सकाळी उभं राहून उपयोग नाही, तिन्हीसांजेला जा.

फळमाशीनं टोचलेली काकडी वाकडी होऊन गळते. ती तिथेच पडू देऊ नका, फूटभर खोल पुरा. कोवळ्या कारल्याला कागदाची पिशवी बांधली तर माशी पोचत नाही. पडवळ लावलंत तर टोकाला सुतळीनं छोटा दगड बांधा, सरळ वाढतं. आणि दुधी, घरचा असो की बाजारचा, चिरल्यावर एक काप जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर अख्खा फेकून द्यायचा. कडू दुधी विषारी असतो, त्याचा रस पिऊन माणसं दगावली आहेत.

बी राखणं

पाकिटावर संकरित किंवा हायब्रीड लिहिलं असेल तर त्याचं बी ठेवून उपयोग नाही, पुढची झाडं सारखी निघत नाहीत. सरळ किंवा गावरान वाणाचं ठेवता येतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी. शेजारच्या आजींकडे, आठवडी बाजारात बसणाऱ्या बायकांकडे विचारा; मूठभर वालाच्या बिया देताना त्या कधी पैसे घेत नाहीत, पुढच्या वर्षी मूठभर परत मागतात.

बी धरायचं ते पहिल्या-दुसऱ्या बहराच्या, निरोगी वेलाच्या फळाचं. उरलेलं शेवटचं फळ बियाण्याला ठेवायची सवय चुकीची, त्यात जोर नसतो. दोडक्याचं एक चांगलं फळ लाल दोऱ्यानं खूण करून ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगा, नाहीतर ते कुणीतरी तोडून भाजीत घालतं. आमच्याकडे दोनदा घातलं. फळ वेलावरच तपकिरी, हलकं होऊ द्या. हलवल्यावर आत खुळखुळ वाजलं की काढा, टोकाचं झाकण मोडा, काळ्या बिया आपोआप ताटात पडतात. चार दिवस सावलीत वाळवा, चाळलेल्या राखेत घोळा आणि कोरड्या बरणीत भरून वर वाणाचं नाव आणि साल लिहा. जाळी उरते ती अंघोळीला घ्या.